शिळा द्रव, ताजं औषध

बाईंच्या शोकसभेत संचालकांनी छोटंसं भाषण केलं आणि त्यात एक वाक्य चुकीचं होतं. "डॉ. शालन जाधव यांनी कर्करोगाच्या लपलेल्या पेशींना उघडं पाडणारं औषध आपल्या संस्थेला दिलं," असं ते म्हणाले. बोलले मनापासून. कुणीतरी जुन्या वार्षिक अहवालातून त्यांना उतरवून दिलं असणार. माझ्या शेजारी तन्वी बसली होती, बाईंची शेवटची विद्यार्थिनी. तिने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि मग आम्ही दोघंही आपापल्या चपलांकडे बघत बसलो. शोकसभेत हात वर करून दुरुस्ती सांगायची रीत नाही. बाई स्वतः असत्या तर त्यांनी सांगितली असती. ते औषध काहीही करत नाही, एवढं नीट तपासून पाहण्यातच त्यांच्या नोकरीचा शेवट आणि त्यानंतरचे कितीतरी शनिवार गेले होते.

घरी आल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. म्हणून हे लिहायला बसलो आहे. गिरगावातल्या आमच्या घरात दुपारी शांतता असते, आणि मला हल्ली भराभर लिहिता येत नाही.

मी परळच्या त्या संशोधन संस्थेत ग्रंथपाल होतो. संस्थेत जे काही शास्त्र चालायचं त्यातलं मला बाईंनी समजावलं तेवढंच कळतं. बाकी सगळे त्यांना 'मॅडम' किंवा 'मॅम' म्हणत. मी पहिल्याच दिवशी सवयीने 'बाई' म्हणालो आणि जीभ चावली. त्या म्हणाल्या, "असू दे. वरळीला शाळेत असताना मला मोठं होऊन बाईच व्हायचं होतं. तुमच्यापुरती तरी झाले."

दुपारी जेवण झालं की त्या वाचनालयात येत. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून एक पाय चपलेतून काढून दुसऱ्या पायावर ठेवत. केसांना प्रयोगशाळेतलं रबर, बोटांना स्पिरिटचा वास. कुठलाही शोधनिबंध त्या मधूनच उघडत. सुरुवातीचा सारांश वाचत नसत, शेवटचे निष्कर्ष तर नाहीच. प्रयोग कसा केला हे बारीक टायपात छापलेलं असतं, तिथे त्यांचं बोट आधी जाई. "निष्कर्ष काय, कुणीही लिहितो," त्या म्हणत. "भांडी कशी घासली ते सांगा आधी." छापील अंक येणं बंद झालं, सगळं पडद्यावर आलं, तरी त्या माझ्याकडून तेवढीच पानं छापून घेत. मी कागदाबद्दल कुरकुर केली की म्हणत, "करंदीकर, तुम्ही ग्रंथपाल आहात की वनखात्यात?"

त्यांचा विषय सांगायचा तर त्यांच्याच शब्दांत सांगावा लागेल. बाई वरळीच्या बीडीडी चाळीत वाढल्या. वडील गिरणीत कामाला, घरात सहा माणसं. चाळीत दिवसा कुणी दार लावत नसे. कोणाकडे काय शिजतंय, कोण आजारी आहे, कोणाकडे पाहुणा आलाय, हे बाहेरून जाणाऱ्याला आपोआप कळे. बाई म्हणत, शरीरातली प्रत्येक पेशी तशीच असते. आत जी प्रथिनं तयार होतात त्यांचे बारीक तुकडे ती आपल्या पृष्ठभागावर आणून ठेवते. पहाऱ्यावरच्या पेशी येता-जाता ते तुकडे चाचपतात. नेहमीचाच असेल तर पुढे जातात. तुकडा परका असेल, विषाणूचा किंवा बिघडलेल्या पेशीचा, तर ते घर संपवतात. असा ओळख पटवणारा परका तुकडा म्हणजे प्रतिजन. आता कर्करोगाची गाठ वाढली की तिच्या गाभ्यापर्यंत रक्त नीट पोचत नाही, तिथे ऑक्सिजन कमी पडतो. आणि तिथल्या पेशी तुकडे बाहेर ठेवणंच बंद करतात. पहारेकरी दारावरून जातात आणि त्यांना काही कळत नाही.

"दार लावून घेतात," मी म्हणालो होतो.

"हो. पण का, आणि ते पुन्हा उघडतं का, हे माझं काम. तुकडे बनवणंच थांबलं असेल तर गोष्ट वेगळी. बनवून आत दडवून ठेवले असतील तर त्यांना बाहेर आणता येईल." मग त्या म्हणाल्या, "आणि करंदीकर, उपमा इथेच सोडा. उपमेच्या नादाने प्रयोग बिघडतात."

एका जयंतीला चाळीतल्या मंडळाने त्यांचा सत्कार ठेवला. मलाही त्यांनी बोलावलं. शाल झाली, पुस्तकं दिली गेली, मग बाईंनी हेच सगळं साध्या भाषेत सांगितलं. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्या काकूंनी मध्येच विचारलं, "पण शालन, ती दार का गं लावून घेते? लाजते काय?"

सगळे हसले. बाईही हसल्या. "तेच तर शोधतेय काकू. कळलं की पहिलं तुलाच सांगते."

"लवकर शोध बाय. मला काय शंभर वर्षं नाय बसायचंय."

परतताना बाई म्हणाल्या, "आमच्या विभागात एवढा सरळ प्रश्न कुणी विचारत नाही." पुढे ती चाळ पाडायला घेतली, त्यांचं कुटुंब नव्या उंच इमारतीत गेलं. कसं वाटतं म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "छान आहे. हवा भरपूर आणि सगळ्यांची दारं बंद."

दार या गोष्टीवर त्या एरवीही हट्टी होत्या. त्यांच्या डब्यात आठवड्यातून एकदा सुकट असे. एका सहकाऱ्याने एकदा अगदी गोड आवाजात सुचवलं की त्या दिवशी खोलीचं दार लावून जेवलात तर बरं होईल. बाई म्हणाल्या, "वास लपवायला दार लावून जेवायचं असतं, तर मी इतकी शिकले कशाला?" आणि दार सताड उघडं ठेवून जेवल्या. त्या सहकाऱ्याने पुन्हा विषय काढला नाही. बाईंनीही नाही, पण सुकटीचा दिवस बदलला नाही.

त्यांच्या प्रयोगशाळेत काचेची एक मोठी पेटी होती. तिच्यात नायट्रोजन भरून ऑक्सिजन अगदी थोडा ठेवलेला असे, गाठीच्या गाभ्यात असतो तेवढा. पेटीला रबराच्या दोन लांब बाह्या होत्या. बाहेर उभं राहून त्यांत हात घालायचे आणि आतली कामं करायची. पेटी उघडायची म्हणजे सगळं फुकट, म्हणून एकदा हात आत गेले की काम संपेपर्यंत आतच. मी एकदा काही कागद द्यायला गेलो तर बाई दोन्ही हात कोपरापर्यंत पेटीत घालून उभ्या होत्या आणि मान वेडीवाकडी करत होत्या.

"करंदीकर, बरे आलात. आधी चष्मा वर सरकवा."

मी सरकवला.

"आता नाक. डावीकडे. अहो, जोरात, मी काय काचेची आहे?"

तन्वी दाराशी उभी राहून हसत होती. "सर, आता तुमचं नाव पेपरमध्ये घालावं लागणार."

"आभारात घालू," बाई म्हणाल्या. "नाकाबद्दल."

त्या पेटीचा एक नियम होता. पेशींना ज्या गुलाबी द्रवात वाढवतात त्याला सगळे मीडियम म्हणत. बाटली नुसती उघडून तो द्रव पेशींवर ओतायचा नाही. बाहेरच्या द्रवात हवा विरघळलेली असते, ती पेशींना मिळते. म्हणून द्रव रात्रभर पेटीत उघडा ठेवायचा, त्यातली हवा निघून जाऊ द्यायची, आणि मगच वापरायचा. बाई त्याला शिळा द्रव म्हणत. "घरी शिळं वाढलं तर चारचौघांत अब्रू जाते. इथे ताजं वाढलं तर जाते," असं त्या प्रत्येक नव्या मुलाला सांगत. दुसरा नियम औषधांचा होता. काही औषधं द्रवात मिसळून ठेवली तर तासाभरात खराब होतात, म्हणून औषध आयत्या वेळी बनवायचं. शिळा द्रव, ताजं औषध. भिंतीवर लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना पाठ होतं.

तन्वी आल्यानंतर त्या दोघींना एक औषध सापडलं. ऑक्सिजन कमी असतानाही ते घातलं की पेशी आत दडवलेले तुकडे पुन्हा बाहेर आणून ठेवत. रंग लावून यंत्रात मोजलं की वाढ स्पष्ट दिसे. पुन्हा केलं, पुन्हा दिसली. बाईंच्या इतक्या वर्षांच्या प्रश्नाला पहिल्यांदाच उत्तर मिळाल्यासारखं झालं. वार्षिक अहवालात फोटो आला. एका चांगल्या नियतकालिकाने निबंध स्वीकारला. बाईंची निवृत्ती काही महिन्यांवर आली होती. हा निबंध आला की मुदतवाढ मिळेल, प्रयोगशाळा आणखी दोन वर्षं त्यांच्याकडे राहील, असं संचालकांनी जवळजवळ कबूल केलं होतं. तन्वीने याच निबंधाच्या जोरावर परदेशी पुढच्या संशोधनासाठी अर्ज केले होते. एका दुपारी बाई मला म्हणाल्या, "काकूंना सांगायला आता काहीतरी आहे." त्यांनी स्वतःच्या कामाबद्दल इतकं चांगलं बोललेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्या नेहमीप्रमाणे कोपऱ्यात बसून कुणा दुसऱ्याचा निबंध मधूनच वाचत होत्या. तन्वी समोर बसून आपल्या निबंधाची मुद्रितं तपासत होती. वाचनालयात आणखी कोणी नव्हतं.

"तन्वी," बाई म्हणाल्या, "यांनी औषध पेटीत नेऊन, आतल्याच द्रवात विरघळवलंय."

"हो का?" तन्वीने मान वर केली नाही.

"आपण कुठे विरघळवतो?"

"बाहेर. हूडखाली, साध्या हवेत."

"कशात?"

"मीडियममध्ये, मॅम. फ्रेश बाटलीतल्या." मग तिला काहीतरी जाणवलं असावं. "तुम्हीच सांगितलंय ना, औषध आयत्या वेळी बनवायचं म्हणून."

"मीच सांगितलंय. आणि ज्या पेशींना औषध द्यायचं नाही, त्यांना?"

"त्यांना पेटीतला. शिळा. नियमच आहे तो."

तन्वीच्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. मला काही कळत नव्हतं, म्हणून मी विचारलं, काय झालं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"काही नाही, करंदीकर. आम्ही इतके दिवस त्या पेशींना औषध म्हणून हवा पाजत होतो."

दोन्ही नियम बरोबर होते. दोन्ही त्यांचेच होते. एकमेकांना कधी भेटले नव्हते, इतकंच. ढिसाळ माणसाने औषधही आदल्या रात्रीच पेटीतल्या द्रवात टाकून ठेवलं असतं किंवा सगळीकडेच ताजा द्रव ओतला असता, आणि ही चूक झालीच नसती. ती इतक्या काटेकोर माणसाच्याच हातून होऊ शकत होती.

त्याच आठवड्यात त्यांनी बाहेरचा ताजा द्रव, त्यात औषधाचा थेंबही न घालता, पेटीतल्या पेशींना दिला. तुकडे बाहेर आले. औषधाने यायचे तितकेच.

संचालकांनी समजूत घालून पाहिली. "मॅडम, निष्कर्ष जरा सौम्य करा. एक वाक्य घाला, या पद्धतीच्या मर्यादा म्हणून." बाईंनी मला ते जसंच्या तसं सांगितलं. "मी म्हटलं, साहेब, मर्यादा म्हणजे कुंपण. इथे बुडाला भोक आहे."

तन्वीशी बोलणं त्यांना जड गेलं. ते माझ्यासमोर झालं, कारण त्या दोघींना प्रयोगशाळेत मुलांसमोर बोलायचं नव्हतं. मी उठून जाऊ लागलो तर बाई म्हणाल्या, बसा.

"मॅम, तुम्ही रिटायर होणार," तन्वी म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "माझी पाच वर्षं गेलीत यात. माझे अर्ज गेलेत या पेपरवर. मी काय सांगू त्यांना?"

"हो."

"हो काय मॅम? काहीतरी बोला ना!"

"काय बोलू? तुझं खरं आहे."

"सगळेच इतकं बघतात का? कुणाला कळणार आहे?"

"पहिलं नाव तुझं आहे. तू मागे घ्यायचा नाही म्हणालीस तर मी माझं नाव काढून घेईन. कारण विचारलं तर सांगेन."

तन्वी रडता रडता हसली. "म्हणजे तेच झालं ना, मॅम!"

"हो," बाई म्हणाल्या. "तेच झालं."

निबंध मागे गेला. मुदतवाढ आली नाही. बाई ठरल्या दिवशी निवृत्त झाल्या, पेढे वाटले, पेटीची किल्ली नव्या प्रमुखाच्या हातात दिली. तो तरुण माणूस होता आणि भला होता. शनिवारी पेटी मोकळी असते, तेव्हा या, असं त्याने स्वतःहून सांगितलं. कारण एक गोष्ट उरली होती. ताज्या द्रवाने तुकडे बाहेर येतात हे कळलं, पण औषधाचा स्वतःचा काही गुण आहे की नाही, हे अजून पाहायचं होतं. औषध पेटीत नेऊन, शिळ्या द्रवात, आयत्या वेळी बनवायचं आणि बघायचं. थोडा जरी गुण निघाला तरी तन्वीचा निबंध उभा राहणार होता. नाही निघाला तर तिला प्रबंध नव्याने मांडावा लागणार होता.

पहिल्या वेळी थोडी वाढ दिसली. अगदी थोडी. त्या एवढ्याशा वाढीने फार त्रास दिला. तन्वी उत्साहाने भरून गेली. बाईंनी पुन्हा करायला सांगितलं. मधल्या काळात पेटीचा एक भाग बिघडला, पेशींना एकदा बुरशी लागली, आणि शनिवार जात राहिले. गेटवरचा पहारेकरी ज्यांना रोज सलाम करायचा त्यांच्याकडे आता पाहुण्यांचा पास मागायचा. त्याचा इलाज नव्हता. बाई पास गळ्यात अडकवून वर येत, वाचनालयाच्या दाराशी टेकून श्वास घेत. त्यांचं वजन उतरलं होतं. एकदा म्हणाल्या, "आशेने माणूस फार दमतो हो. पहिल्याच दिवशी नाही निघालं असतं, तर मी कधीच घरी बसले असते. ते एवढंसं वर गेलं ना, त्याने धरून ठेवलंय."

"तुम्हाला काय वाटतं?" मी विचारलं.

"मला वाटून काय उपयोग? मला तर ते निघावं असंच वाटतं."

शेवटी तन्वीने प्रबंध नव्याने मांडला. हवेचा किती छोटा अंश मिळाला की पेशी तुकडे बाहेर आणते, हे तिचं आणि बाईंचं खरं काम ठरलं. मोठं नाही, पण पक्कं. औषधाबद्दल त्यात एकच परिच्छेद आहे. परदेशी जाणं राहिलं. ती आता इथेच एका महाविद्यालयात शिकवते. तिचा प्रबंध मंजूर झाला तेव्हा बाईंनी फोनवर मला बातमी दिली, आणि "येते एकदा वाचनालयात" असं म्हणाल्या. आल्या नाहीत. थंडीत एका पहाटे झोपेतच हृदय थांबलं, असं त्यांच्या भावाने कळवलं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या फोनच्या बरंच आधी, एका शनिवारी. संध्याकाळी वाचनालय बंद करून बाहेर पडलो तर बाई बसथांब्यावर बसल्या होत्या. पिशवी मांडीवर, पास अजून गळ्यात. मी त्यांना पासची आठवण केली. त्यांनी तो काढला, हातात धरला, आणि कुठे ठेवायचा हे न सुचल्यासारखा तसाच धरून ठेवला.

"तन्वी नाही?"

"तिला आज येऊ नको म्हटलं. वाढदिवस आहे तिचा. मैत्रिणींबरोबर गेलीय कुठेतरी दादरला."

"मग आजचं?"

"केलं मी एकटीने. मोजूनही झालं." त्या रस्त्याकडे बघत बोलत होत्या. "काही नाही, करंदीकर. औषध दिलेल्या आणि न दिलेल्या पेशी, अगदी सारख्या. आता पुन्हा करायचीसुद्धा गरज नाही. इतकं स्वच्छ आलंय."

चहा घेऊ या का, म्हणून मी विचारलं. त्या नको म्हणाल्या. आता नुसतं बसायचंय, म्हणाल्या. म्हणून मीही शेजारी बसलो. समोरच्या नव्या इमारतीच्या काचांवर शेवटचं ऊन होतं आणि खाली गाड्या रांगेने उभ्या होत्या.

वरळीची बस आली. "ओ ताई, चढा लवकर!" वाहक ओरडला. बाई चढल्या, खिडकीशी बसल्या. सिग्नल लागला होता, बस हलेना. मी खाली उभा राहिलो. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी पिशवीत हात घालून तो शोधला, पडद्यावरचं नाव पाहिलं आणि क्षणभर डोळे मिटून घेतले. मग उचलला.

"अगं, हॅपी बर्थडे! केक कापलास का?" आवाज एकदम वेगळा, चढा, जवळजवळ लहान मुलीसारखा. तिकडून काहीतरी विचारलं गेलं. काय विचारलं ते मला ऐकू यायची गरज नव्हती. बाईंची नजर खिडकीतून माझ्याकडे आली.

"नाही गं," त्या म्हणाल्या. "अजून मोजलं नाही. दमले मी आज. उद्या बघू. तू केक खा."

सिग्नल सुटला. बस निघाली तेव्हाही त्या माझ्याकडेच बघत होत्या, आणि फोन कानाशी धरून हसत होत्या.